योडरबाईंची डेगची

मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला लागायचं ठरलं, तेव्हा कौशल्येने उंबरठ्यावर उभी राहूनच आपली अट सांगून टाकली. "कोंबडं करीन, अंडे करीन, बकऱ्याचंही करीन. पन मोठ्याचं मटन या चुलीवर चढलं तं मी त्याच पावली वलगावले परत. आदीच सांगून ठेवतो, मांगून कटकट नाई पाह्यजे."

बंगल्याची मालकीण मिस योडर. अमेरिकेची बाई, वलगाव रस्त्यावरच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स. उंच, हाडकुळी, डोक्याला सदान् कदा पांढरी टोपी. मराठी शिकली ती रोग्यांच्या खाटांपाशी, त्यामुळे बोलायची अस्सल वऱ्हाडी. पुण्याहून नवा डॉक्टर आला की बाईंच्या तोंडचं "काहून बापा?" ऐकून त्याचा चष्मा नाकावर घसरायचा.

"मोठ्याचं म्हंजे गायबैलाचं?" योडरबाईंनी विचारलं.

"त्याचंच."

"ठीक हाय," योडरबाई म्हणाल्या. आणि ठीक म्हणजे खरोखरच ठीक. हे पंचावन्न सालचं. त्या दिवसापासून आठ वर्षं त्या घरात मोठ्याच्या मटणाचा तुकडा आला नाही. योडरबाईंच्या लोकांत शपथ घेत नाहीत. होय म्हटलं की होय, नाही म्हटलं की नाही. मध्ये देवाला कशाला ओढायचं, असा त्यांचा हिशेब. बाई जन्मात खोटं म्हणून बोलल्या नव्हत्या. रोग्याला सुई टोचताना "दुखन हं, लई दुखन" असं आधीच सांगायच्या, आणि पोरं भोकाड पसरायची.

कौशल्येला मात्र आभाळ ठेंगणं झालं. वलगावात विहिरीवर ती सांगायची, "गोरी बाई, त्यातून ख्रिस्ताव, पन माह्या एका शब्दाखातर सोडलं तिनं." बायका हनुवटीला बोट लावून ऐकायच्या. एकदा योडरबाईंनी सरळ मनाने विचारलं, की एवढं काहून? तेव्हा कौशल्या फुशारून म्हणाली, "बैल म्हंजे आमचा लेक, बाई. जनमभर आमचं वावर वाहते. म्हातारा झाला तं दावनीलेच मरते. आमच्यात कोनी इकत नाई."

यातलं लेकाचं खरं, बाकी नुसत्या बाता. बडनेऱ्याच्या बैलबाजारात दर उन्हाळ्यात लंगडे-आंधळे बैल जायचे ते काय काशीयात्रेला? पण त्याचीही एक रीत होती. घेणारा म्हणायचा, "कामाले नेतो." विकणारा म्हणायचा, "नीट ठेवजा बापा." आणि दोघंही एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे नाहीत. दावं तेवढं विकणारा सोडून घ्यायचा, म्हणजे घरची लक्ष्मी घरातच राहिली. पाप कोणाच्याच अंगाला लागायचं नाही. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणीच बोलत नव्हतं.

योडरबाईंना बिचाऱ्यांना हे काय माहीत? त्यांनी कौशल्येचं बोलणं खरं धरलं आणि आईला पत्रातून कळवून टाकलं.

ही आई पेनसिल्व्हेनियात, एका शेतावर. आमिश म्हणतात त्या लोकांना. घोड्यांनी नांगरतात, घोड्याच्या बंडीतून प्रार्थनेला जातात, घरात विजेचा दिवा नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कौशल्या म्हणाली, "म्हंजे आमचं वलगावच की!" योडरबाई खूप हसल्या. पण त्या तिथून शिकायला बाहेर पडल्या, नर्स झाल्या, दुसऱ्या पंथाच्या मिशनमध्ये गेल्या, आणि त्यांच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. एकदा घरी गेल्या तर आईने त्यांचं ताट वेगळ्या छोट्या टेबलावर मांडलं. बाप तर त्यानंतर एक अक्षर लिहीत नव्हता. हे कौशल्येला समजावून सांगावं लागलं नाही. ती स्वतः बाईंच्या घरात पाणी प्यायला वलगावहून आणलेला लोटा वेगळा ठेवायची.

आई मात्र चोरून पत्रं लिहायची. आणि या आईचा एक पदार्थ होता. कांदा परतायचा, खिमा त्यात तपकिरी होईस्तोवर भाजायचा, मीठ, मिरी. लोखंडी डेगचीत खाली खिमा, वर बटाट्याच्या चकत्या, पुन्हा खिमा, पुन्हा बटाटे. दुधात पीठ कालवून ते वरून ओतायचं, वर पावाचा चुरा आणि लोणी, आणि बंद भट्टीत दीड-दोन तास ठेवून द्यायचं. बर्फ पडलं की रविवारी घरात तोच वास. योडरबाईंनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की कौशल्या झोपेतही करून दाखवती. सांगताना बाईंचं तोंड लहान पोरीसारखं व्हायचं. पण तो खिमा मोठ्याचा लागायचा, म्हणून आईने दिलेली डेगची आठ वर्षं खुंटीवर होती.

आता हरण्याचं सांगायला पाहिजे. हरण्या कौशल्येच्या घरचा बैल. तिचा नवरा पुंजाराम त्याच्याशी जेवढं बोलायचा तेवढं बायकोशी बोलत नव्हता. पोळ्याला योडरबाई हमखास वलगावात यायच्या. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून पुंजाराम त्याच्या कानात म्हणायचा, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." बैलाला जेवायचं आमंत्रण! योडरबाईंना या रीतीचं फार अप्रूप. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या हाताने हरण्याला पुरणपोळी भरवायच्या आणि तो त्यांची टोपी चाटायचा.

बासष्टच्या हिवाळ्यात हरण्याचा पुढचा पाय अधू झाला. त्रेसष्टच्या चैत्रात कडबा संपत आला आणि जोडीला नवा गोऱ्हा घेऊन झाला होता. कौशल्या म्हणाली, "एका दावनीले तीन तोंडं कोन पोसन? न्या बडनेऱ्याले."

"पोरगं लंगडं झालं असतं तं काढलं असतं काय?" पुंजारामने विचारलं.

"पोरगं कडबा खात नाई," कौशल्या म्हणाली.

तिनेच हरण्याला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि नवऱ्याबरोबर बाजारापर्यंत गेली, कारण एकटा गेला तर हा अर्ध्या रस्त्यातून परत येईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. घेणाऱ्याने बैलाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "शेंदूरजन्याले संत्र्याचा बगीचा हाय, मोटेवर नेतो," तो म्हणाला. तीन पायांवर उभा असलेला बैल मोटेवर! कौशल्येने ऐकलं, आणि ऐकलेलं पदराच्या गाठीत बांधून ठेवलं. पुंजाराम दावं घेऊन घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही.

"हरन्या कसा हाय?" चार दिवसांनी योडरबाईंनी विचारलं.

"मजेत हाय," कौशल्या कांदा चिरता चिरता म्हणाली. "शेंदूरजन्याले धाडला. माह्या भावाचा बगीचा हाय तिथं. झाडाखाली उभा असते दिवसभर."

एक खोटं बोललं की त्याच्या पाठोपाठ दहा बोलावी लागतात. योडरबाईंनी दवाखान्यातून मलमाचा डबा आणून दिला. हरण्याच्या पायाला लावायला, भावाकडे पोचता कर म्हणून. पंधरा दिवसांनी दुसरा. कौशल्येला तो टाकवेना आणि ठेववेना. शेवटी पुंजाराम आपल्या गुडघ्याला चोळू लागला. मलम कुठलं, कशाचं, हे तिने त्याला सांगितलंच नाही. गुडघा बरा होऊ लागला. रोज तो कुरकुरल्याशिवाय उठून वावरात जाई, आणि कौशल्येला वाटे, आपण मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातोय.

आषाढात अमेरिकेहून एका शेजारणीचं पत्र आलं. योडरबाईंची आई गेली होती. पत्र इथे पोचायच्या आधी महिनाभर मातीत जाऊन पडली होती. बाई रडल्या नाहीत, दवाखान्यात गेल्या, सगळ्या ड्रेसिंगा केल्या. दुपारी परत येऊन खुंटीवरची डेगची काढून मांडीवर घेऊन बसल्या.

"कौशल्या, रविवारी तू सुट्टी घे," त्या म्हणाल्या. "मी माय करत होती ते करीन. अंगनात, येगळ्या चुलीवर. तुह्या चुलीले हात नाई लावत. एकच डाव. श्रावन मटन आनून देईन." श्रावण म्हणजे दवाखान्याचा चौकीदार.

कौशल्येने तोंडाला येईल ते बोलून घेतलं. आठ वर्षांचा मोठेपणा हातचा जातो म्हणून म्हणा, नाहीतर पोटात जे सलत होतं त्याच्यावर ओरडायला कोणीतरी पाहिजे होतं म्हणून म्हणा. "ज्यानं जनमभर वावर वाह्यलं, त्याले कापून खाता? कशा जातीचे मानसं बापा तुमी! मायच्या नावानं असं करता? ज्या घरात हे शिजलं तिथं मी—" आणि इथे तिची जीभ अडखळली. डोळ्यांपुढे बडनेऱ्याचा बाजार आला, तीन पायांवर उभा हरण्या आला. पण सुटलेलं तोंड आवरेल ती कौशल्या कसली? "तिथं मी पाय नाई ठेवनार!" तिने वाक्य पुरं केलं.

योडरबाईंनी डेगची परत खुंटीवर टांगली. "राहू दे," म्हणाल्या. रविवारी त्यांनी नुसते बटाटे उकडून मीठ लावून खाल्ले. सोमवारी कौशल्येला कचऱ्यात सालं दिसली, आणि ती चुलीपुढे बसून राहिली. तिला कळत होतं की आपण काय केलं. एका बाईला तिच्या आईच्या सुतकात आईच्या हातची चव आपण मिळू दिली नाही, आणि तेही बैलाच्या नावाने. आपण! तिला स्वतःची किळस आली.

दिवाळी झाली आणि योडरबाईंनी सांगितलं, की त्या कायमच्या घरी चालल्या. बाप एकटा पडला होता. बोलणार नव्हता, ताट वेगळंच मांडायचं होतं, पण त्याला बघायला कोणी पाहिजे. "जायच्या आदी एक काम हाय," त्या म्हणाल्या. "दवाखान्याची जीप भेटली. या रविवारी शेंदूरजन्याले जाऊ. हरन्याले भेटतो. तूही चाल."

कौशल्येच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

घरी तिने पुंजारामला सगळं सांगितलं, मलमासकट. त्याने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "मेला म्हन. बैल म्हातारा होता, मेला. इतलंच."

खरंच सोपं होतं. सकाळी चुलीपाशी बाई चहा प्यायला आल्या तेव्हा तिने तोंड उघडलंही होतं. पण मग बाईंनी विचारलं असतं, कसा मेला? शेवटी कोण होतं जवळ? आणि आपण झाड, सावली, भावाचा हात, सगळं रचलं असतं, आणि ती बाई आईसाठी न आलेलं रडू हरण्यासाठी रडली असती. ते तिच्याने झालं नाही. शनिवारी, बाई दवाखान्यात गेल्यावर, तिने श्रावणला हाक मारली. "बजारातून मोठ्याचा खिमा आन. बाईंसाठी. मी सांगून राहिली ना, जा."

श्रावण पळसाच्या पानातला पुडा पायरीवर ठेवून लांब उभा राहिला. आता ही काय करते ते त्याला बघायचं होतं. कौशल्येने त्याला हाकललं.

मग तिने डेगची घासली. कांदे चिरले. पुडा सोडला आणि हात थांबला. लालभडक, कुठलंही मांस असतं तसंच मांस होतं ते. कोणाच्या तरी दावणीचं. कोणीतरी कुंकू लावून पाठवलेलं. कोणीतरी ज्याच्या कानात सांगितलं असेल, उद्या जेवाले ये. ती बाहेर जाऊन आली, चूळ भरली, आणि परत येऊन खिमा कांद्यावर टाकला. माळकरी सासू जिवंत असती तर तिने हिला घरात घेतलं नसतं. पण हात चुकत नव्हते. खिमा तपकिरी झाला. बटाट्याच्या चकत्या तिने पापडासारख्या पातळ केल्या. थरावर थर, मग दूध-पीठ, मग पावाचा चुरा आणि लोणी. भट्टी बंगल्यात नव्हती. पण रोडगे भाजणाऱ्या वऱ्हाडातल्या बाईला भट्टीचं काय अडतं? अंगणात गोवऱ्यांचा आर केला, डेगची त्यात बसवली, झाकणावरही निखारे ठेवले आणि शेजारी बसून राहिली. तासाभराने वास सुटला. वास चांगला होता, याचीच तिला लाज वाटली.

योडरबाई दुपारी फाटकातून आत आल्या आणि तिथेच थांबल्या. नाकानेच त्यांना कळलं.

"बसा," कौशल्या म्हणाली. डेगची टेबलावर ठेवली, झाकण काढलं. वरून सोनेरी झालं होतं, कडेने दूध खदखदत होतं. "तुमच्या मायसारखं झालं का नाई, मले मालूम नाई. म्या चाखलं नाई."

"तुनं केलं? तुह्या हातानं?"

"हो. आन् आयका. हरन्या शेंदूरजन्याले नाई. तिथं माहा भाऊ बी नाई. चैत्रात म्या त्याले बडनेऱ्याले इकला. कोनाले इकून राहिली ते मले मालूम होतं. हे न्याले तयार नोयते, म्या धाडलं. तुमचं मलम घरधन्याच्या गुडघ्याले लावलं. आन् त्या दिवशी तुमाले जे बोलली, ते..." आपल्याला हाकलून दिलं तर बरं, शिव्या दिल्या तर त्याहून बरं, असं तिला वाटत होतं.

योडरबाई आत गेल्या, पत्र्याच्या पेटीतून एक पत्र घेऊन आल्या. आईचं शेवटचं. खुर्चीवर बसून बोटाने ओळ शोधली आणि सावकाश, थांबत थांबत आपल्या वऱ्हाडीत सांगू लागल्या.

"माय लिहिते, आपला म्हातारा घोडा, डॅन. त्याले आता नांगर वढवत नाई. दलाल घ्याले आला. तं म्या चोरी सोडून तुह्या बापाले तुहं पत्र वाचून दाखवलं. का कौशल्याच्या गावात म्हातारा बैल दावनीलेच मरते, कोनी इकत नाई. बाप उठला, आन् दलालाले फाटकातूनच वापस धाडलं." त्यांनी पत्राची घडी घातली. "शेजारीन लिहिते, घोडा अजून हाय. बाप रोज सकाळी त्याले दाना देते. श्रीमंत नाई तो. पन देते. चौदा वर्सात माही एवढीच गोष्ट त्यानं आयकली."

कौशल्या भिंतीला टेकून खाली बसली.

"घरी गेली का पयले तो हेच इचारन," योडरबाई म्हणाल्या. "माह्याशी बोलन तं हेच बोलन. तिथं खरंच असं हाय का? मी काय सांगू, कौशल्या?"

समोरची बाई खोटं बोलत नाही, हे कौशल्येइतकं कोणाला ठाऊक होतं? खरं सांगितलं तर तो म्हातारा दुसऱ्याच दिवशी दलालाला बोलावील, आणि वर म्हणेल, पाहा, सगळीकडे सारखंच. पोरीचं तेवढं एक ऐकलं होतं तेही फुकट जाईल. तिने पदर तोंडाशी धरला.

"नोका सांगू," ती म्हणाली. "हात जोडतो, बाई. नोका सांगू. घोड्याले राहू द्या."

योडरबाईंनी मान खाली घातली. जेवणाआधी त्या नेहमी अशीच मूक प्रार्थना करायच्या, पण आज ती संपेना. डेगचीतली वाफ ओसरली. मग त्यांनी चमचा घेतला, ताटात वाढून घेतलं, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या जेवत होत्या.

मोठ्याचं शिवलं ते विहिरीवर चार बादल्यांनी धुऊन निघालं असतं. कौशल्येला त्याचं काहीच वाटेनासं झालं होतं. तिला समोरच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

चमचा खाली ठेवून योडरबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "हरन्या... शेंदूरजन्याले हाय. झाडाखाली उभा असते." शब्द नवा शिकताना अडखळावं तशा त्या मध्येच अडखळल्या. थांबल्या, ओठ पुसले, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. या खेपेला त्या अडखळल्या नाहीत.